‘मी असतो तर…’ म्हणणाऱ्या प्रेक्षकांना खुले पत्र

प्रिय प्रेक्षकहो,

जंगलात अडकलेल्या माणसांचा भयपट संपतो, दिवे लागतात आणि पहिलं वाक्य कानावर येतं: ‘किती मूर्ख आहेत ही माणसं!’ त्याच्या पाठोपाठ दुसरं: ‘मी असतो तर पहिल्याच दिवशी मागे फिरलो असतो.’ मग एकेक आक्षेप निघू लागतो. नदीच्या काठाकाठाने का नाही गेले? वेगवेगळे का झाले? फोनची बॅटरी का जपली नाही? एवढ्या थंडीत अंगावरचं जॅकेट कोण काढून टाकतं? आणि ती बाई सारखी किंचाळत का होती? चित्रपट आवडलेली माणसंसुद्धा शेवटी ‘फक्त पात्रं जरा शहाणी दाखवायला हवी होती’ अशी पुस्ती जोडतात.

मी हे चित्रपट आवडीने पाहते आणि लोक त्यांच्याबद्दल काय बोलतात तेही तितक्याच आवडीने ऐकते, म्हणून हे पत्र. झाडांमागच्या सावल्या, शाप, शिंगं असलेलं काहीतरी हे सगळं कल्पित असतं, त्याबद्दल आपलं एकमत आहे. पात्रांचं जे वागणं तुम्हाला त्याहूनही खोटं वाटतं, ते मात्र बऱ्याचदा त्या दोन तासांतलं सगळ्यात खरं असतं. हे मला तुमच्यापुढे नीट मांडायचं आहे, कारण त्याचा परिणाम पडद्यापुरता राहत नाही.

अशा कुठल्याही चित्रपटातला सुरुवातीचा प्रसंग घ्या. तिघं मित्र पायवाटेने चालले आहेत. वाट हळूहळू अरुंद होते, मग गवतात विरून जाते. पुढचा थांबतो, नकाशा काढतो, उजवीकडच्या टेकाडाकडे बघतो आणि म्हणतो, ‘हीच ती टेकडी. हिच्या पलीकडे ओढा लागेल.’ मधलीला ते पटलेलं नसतं, पण ती गप्प बसते, कारण तासाभरापूर्वी ‘चला, उशीर होतोय’ म्हणून घाई तिनेच केलेली असते. तिसऱ्याचा पाय दुखतो आहे आणि त्याला फक्त कुठेतरी टेकायचं आहे. तिघंही पुढे निघतात. आणि इथे कॅमेरा वर जातो. शेंड्यांवरून आपल्याला क्षितिजापर्यंत पसरलेलं रान दिसतं, ओढा भलतीकडेच चमकताना दिसतो, खालून एक खर्जातला सूर सुरू होतो. आपण खुर्चीत सावरून बसतो आणि मनात ओरडतो: अरे, मागे फिरा!

मागे फिरायचं हे आपल्याला कळलं कशावरून? उंचावरून दिसलं, संगीताने सांगितलं आणि तिकीट काढतानाच माहीत होतं. त्या तिघांकडे यातलं काही नाही. त्यांच्या लेखी ती सुट्टीतली एक दुपार आहे. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये प्रयोगांतून दाखवून दिलं की एखाद्या घटनेचा शेवट कळला की ‘हे असंच होणार होतं’ असं माणसाला वाटू लागतं, आणि शेवट कळल्यामुळे आपलं मत बदललं हे त्याच्या ध्यानातही येत नाही. भयपटात तर शेवटाची वाटही पाहावी लागत नाही, तो अर्धामुर्धा पोस्टरवरच छापलेला असतो.

नकाशावाल्याकडे पुन्हा येते. वाट चुकलेला माणूस नकाशा बघून चूक ओळखेल अशी आपली अपेक्षा असते. घडतं बरेचदा उलट. आपण बरोबर जागी आहोत हे मनाने आधी ठरवलेलं असतं, मग डोळे समोरचा प्रदेश त्या नकाशात बसवत जातात. ओढ्यात पाणी नसलं तर यंदा पाऊस कमी झाला असेल. टेकडी बुटकी दिसली तर आपण वेगळ्या बाजूने बघत असू. दिशाशोधनाचा चांगला सराव असलेली माणसंही यात सापडतात, कारण प्रत्येक खुलासा स्वतंत्रपणे पटण्यासारखाच असतो.

आणि गट सोबत असला म्हणजे कुणीतरी वेळीच सावध करेल, हाही भ्रम आहे. इयान मॅकॅमन यांनी अमेरिकेतल्या हिमस्खलनाच्या ७१५ अपघातांचा अभ्यास करून २००४ मध्ये निष्कर्ष मांडले. अपघातात सापडलेल्यांपैकी कितीतरी जण प्रशिक्षित होते, धोक्याच्या खुणा समोर दिसत होत्या, तरी ते उतारावर गेले. त्यांना नडलेल्या गोष्टी अगदी साध्या होत्या: भाग ओळखीचा आहे, बेत आधीच ठरला आहे, गटातल्या एकाला जास्त कळतं, बाकीच्यांपुढे नाही कसं म्हणायचं. मधलीचं गप्प बसणं आठवा. पटकथालेखकाला तिथे काही सुचलं नाही म्हणून ती गप्प बसलेली नसते.

‘आपण परत याच ओंडक्यापाशी आलो’ हा प्रसंग आला की सभागृहात हमखास कुणीतरी हसतं. माणसाला सरळ रेषेत चालता येत नाही का? खुणा नसतील तर खरंच येत नाही. यान सौमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जर्मनीतल्या बीनवाल्ड जंगलात सहा जणांना सोडलं होतं आणि एका दिशेने सरळ चालत राहा एवढंच सांगितलं होतं. ज्या दोघांच्या डोक्यावर सूर्य दिसत होता, ते बऱ्यापैकी सरळ गेले. ढगाळ दिवशी चालणारे चौघेही गोल फिरले. त्यांतल्या तिघांनी आपलीच वाट पुन्हापुन्हा ओलांडली आणि त्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. डोळे बांधून चालणाऱ्यांची वर्तुळं तर कधी कधी जेमतेम २० मीटर व्यासाची भरली. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो म्हणून असं होतं, ही जुनी समजूतही त्यात टिकली नाही. तसं असतं तर माणूस कायम एकाच बाजूला वळला असता. हे लोक कधी डावीकडे, कधी उजवीकडे झुकत होते. सरळ म्हणजे कुठे याचा मेंदूचा अंदाजच थोडाथोडा ढळत जातो. चकवा लागतो तो असा, आणि तो लागलाय हे ज्याला लागतो त्याला कळत नाही.

मग एका जागी बसून का राहत नाहीत? हा प्रश्न रास्त आहे. बचाव पथकं तेच शिकवतात: चुकलात असं वाटताच थांबा, बसा, विचार करा, आजूबाजूला बघा, मग ठरवा. पण कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचे मानसशास्त्रज्ञ केनेथ हिल यांनी त्या प्रांतातल्या शोधमोहिमांचे ८००हून अधिक अहवाल तपासले, तेव्हा शोधणाऱ्यांसाठी एका जागी थांबून राहिलेली माणसं त्यांना फक्त दोन सापडली. एक ८० वर्षांची आजी आणि एक ११ वर्षांचा मुलगा. मुलाला ते शाळेत शिकवलेलं होतं. बाकी सगळे चालत राहिले. हरवल्याची जाणीव झाली की हातपाय आपोआप चालू लागतात. थांबणं म्हणजे हार मानणं असं वाटतं, आणि काहीतरी करत राहिलं की भीती दोन पावलं मागे राहते. पडद्यावरचा नायक अंधारात धावत सुटतो तेव्हा ‘बस ना खाली’ म्हणणं सोपं आहे. त्या ८०० अहवालांतल्या माणसांना कुणी पटकथा लिहून दिली नव्हती.

नदीच्या सल्ल्याबद्दल थोडक्यात. पाण्याच्या कडेने उतरत गेलं की वस्ती लागते, हे आपण कुठेतरी ऐकलेलं असतं आणि काही ठिकाणी ते लागूही पडतं. पण डोंगराळ भागात तोच प्रवाह घळीत शिरतो, धबधब्याच्या टोकाशी जाऊन थांबतो, काठाला झाडोरा इतका दाट असतो की पुढे सरकता येत नाही, आणि पाण्याच्या आवाजात हाका मारणारे ऐकू येत नाहीत. फोनचंही तसंच. रेंज नसलेल्या जागी फोन सारखा टॉवर शोधत राहतो आणि त्यातच बॅटरी संपवतो, शिवाय थंडीत ती आणखी लवकर बसते. २०२२ पासून काही फोनवर उपग्रहामार्फत मदत मागायची सोय आली आहे खरी, पण तिलाही डोक्यावर मोकळं आकाश लागतं. दाट झाडीत संदेश अडखळतो.

आता थंडी. यावर मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण तुमचे सगळ्यात कठोर शेरे इथेच येतात.

शरीराचं आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू झाला असं वैद्यकशास्त्र म्हणतं. म्हणजे नेहमीच्या तापमानापेक्षा फक्त दोन अंश कमी. त्यासाठी बर्फच पडायला हवा असं नाही. पावसाने भिजलेले कपडे आणि वारा एवढं पुरतं, कारण पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. आधी थरथर सुटते. मग बोलताना जीभ जड होते, पावलं अडखळतात, माणूस चिडचिडा होतो, जवळच्यावर खेकसतो. याच टप्प्यावर पडद्यावर दोन मित्रांचं क्षुल्लक कारणावरून भांडण होतं आणि आपण म्हणतो, ‘ही काय भांडायची वेळ आहे?’ गारठलेल्या मेंदूला वेळ कळत नाही.

काडेपेटीचा प्रसंग आठवा, तो बहुतेक चित्रपटांत असतो. तीन काड्या उरल्या आहेत. पहिली घासताना मोडते. दुसरी पेटते, पण बोटांतून निसटून ओल्या मातीत पडते. प्रेक्षक उसासा टाकतात: इतका धांदरटपणा! हाताची त्वचा गार पडत साधारण १५ अंशांच्या खाली गेली की बोटांतलं कसब झपाट्याने कमी होतं. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकवणंसुद्धा जड जातं. काडी चिमटीत आहे की नाही हे बोटांना जाणवत नाही, ते डोळ्यांनी बघून ठरवावं लागतं. अशा वेळी तिसरी काडी पेटली तर तीच मला चित्रपटाची मेहेरबानी वाटते.

आणि ते जॅकेट. बर्फात माणूस एकेक कपडा उतरवतो, हे दृश्य ‘अतर्क्य’ म्हणून किती वेळा निकालात निघालं असेल! खऱ्या मृत्यूंमध्ये हे इतक्यांदा दिसलं आहे की न्यायवैद्यकशास्त्रात त्याची स्वतंत्र नोंद आहे. ऊब आत राखण्यासाठी शरीराने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आवळून धरलेल्या असतात. शेवटी शेवटी ती पकड सुटते, रक्त त्वचेकडे धावतं आणि गोठत आलेल्या माणसाला आपण भाजून निघतोय असं वाटतं, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. अशा अवस्थेत सापडलेल्या स्त्रियांच्या बाबतीत आधी अत्याचाराचा संशय घेतला गेल्याचीही उदाहरणं आहेत. काही माणसं अखेरच्या क्षणी झुडपाखाली, खडकाच्या कपारीत किंवा एखाद्या खोपटात असतील तर पलंगाखाली सरपटत शिरतात. जर्मन न्यायवैद्यक तज्ज्ञांनी १९९५ मध्ये याचंही सविस्तर वर्णन केलं आहे. असं काही पडद्यावर दिसलं की आपण त्यात भुताटकी शोधतो. एकदा त्यात फक्त थंडी बघून पाहा. मला तरी ते भुतापेक्षा जास्त भयंकर वाटतं.

किंचाळण्यावर बोलताना एका चित्रपटाचं नाव घ्यावंच लागेल. १९९९ मध्ये आलेल्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने या प्रकाराला आजचं रूप दिलं. त्यात जंगलात वाट चुकलेल्या तिघांपैकी एकाने वैतागून नकाशा ओढ्यात लाथाडून दिला, यावर प्रेक्षक आजही चिडतात. नायिकेच्या रडण्या-ओरडण्यावर त्याहून जास्त चिडले. वर्षातल्या सर्वांत वाईट अभिनेत्रीसाठीचा अमेरिकेतला तो कुचेष्टेचा ‘रॅझी’ पुरस्कार तिला दिला गेला. आता ते चित्रीकरण कसं झालं ते बघा. तिन्ही कलाकार खरोखर जंगलात राहत होते, कॅमेरे स्वतःच चालवत होते, संवाद बरेचसे तिथल्या तिथे सुचतील तसे बोलत होते. त्यांना रोज थोड्या सूचना मिळत, पुढे काय होणार ते मात्र सांगितलं जात नसे. दिवस जातील तसं त्यांचं खाणं कमी केलं गेलं, आणि रात्री तंबूभोवती आवाज करून त्यांना जागवलं जाई. म्हणजे प्रेक्षकांना जे ‘जरा जास्तच’ वाटलं, त्यात खरी भूक, खरी अपुरी झोप आणि थोडी खरी भीतीही होती. घाबरलेला चेहरा आपल्याला सुंदर हवा असतो, आवाज मोजका हवा असतो. खऱ्या भीतीत नाक गळतं, आवाज फाटतो, तीच ती वाक्यं पुन्हापुन्हा तोंडातून निघतात. ते बघवत नाही, आणि बघवत नाही म्हणून आपण त्याला वाईट अभिनय म्हणतो. तिच्या वाट्याला जे आलं तो मोठा अन्याय होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

उलटी बाजूही आहे. पात्र किंचाळलं नाही, नुसतं उभं राहिलं, तरी ‘पळ ना, बघत काय उभी राहिलीस’ असा आरडाओरडा होतो. संकटातल्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या जॉन लीच यांच्या मांडणीप्रमाणे खऱ्या आपत्तीत डोकं शांत ठेवून वागणारे १० ते १५ टक्केच असतात. बहुतेक माणसं सुन्न होतात. त्यांना काही सुचत नाही, सांगितलं तर तेवढं करतात, नाहीतर उभी राहतात. हातपाय गळणं, पाचावर धारण बसणं, बोबडी वळणं हे सगळं आपण सहज बोलून जातो, आणि पडद्यावर नेमकं तेच घडलं की मात्र अविश्वास दाखवतो.

या अविश्वासाचं मूळ मला जिथे सापडलं ते सांगते. जॉर्ज लोवेनस्टाइन या अभ्यासकाने अनेक वर्षं एकाच गोष्टीचा पाठपुरावा केला: शांत अवस्थेतल्या माणसाला भीतीत, भुकेत, वेदनेत आपण कसे वागू याचा अंदाज करता येत नाही. तो आपल्या आत्ताच्या शांतपणातूनच अंदाज करतो आणि दरवेळी स्वतःला जास्त धीट समजतो. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लोकांना विचारलं, की थोडे पैसे मिळाले तर तुम्ही चारचौघांसमोर एखादी लाजिरवाणी गोष्ट कराल का? नुसतं कल्पनेत विचारलं तेव्हा बऱ्याच जणांनी हो म्हटलं. प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा त्यातले पुष्कळ मागे सरले. या प्रयोगांतली एक गोष्ट तुम्हाला खास रस वाटावी अशी आहे. काही जणांना आधी एका भीतीदायक चित्रपटाचा छोटा तुकडा दाखवला. त्यांचे स्वतःबद्दलचे अंदाज वास्तवाच्या जवळ आले.

म्हणजे चित्रपट चालू असताना, कुणीतरी तंबूची चेन बाहेरून हळूहळू उघडतंय अशा वेळी, शेजारच्याचं मनगट घट्ट धरून तुम्ही श्वास रोखलेला असतो ना, ती तुमची खरी प्रतिक्रिया. त्या क्षणी कुणी विचारलं असतं, ‘तू बाहेर जाऊन बघशील का?’ तर तुम्ही प्रामाणिक उत्तर दिलं असतं. दिवे लागल्यावर, पार्किंगकडे चालताना दिलेलं उत्तर दुसऱ्याच माणसाचं असतं.

तुमचे सगळेच आक्षेप चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. काही लेखक आळशी असतात. पात्राला दमवायचे, भिजवायचे, घाबरवायचे कष्ट न घेता त्याला थेट तळघरात पाठवतात. आदल्या प्रसंगात बांधलेली जखम पुढच्या प्रसंगात गायब होते. तिथे जरूर बोला. पण आपण सगळ्यांनी मिळून जिथे बोलायला हवं होतं तिथे गप्प राहिलो, ती जागा प्राण्यांची आहे. लांडग्यांचा कळप माणसांचा माग काढत दिवसेंदिवस पाठलाग करतो, एकेकाला सूड घेतल्यासारखा टिपतो, हे पाहून कुणी म्हणत नाही की ‘लांडगा असं कशाला वागेल?’ नॉर्वेच्या निसर्ग संशोधन संस्थेने २००२ ते २०२० या काळातल्या लांडग्यांच्या हल्ल्यांची जगभरची माहिती गोळा केली. युरोप आणि उत्तर अमेरिका मिळून अशा हल्ल्यांत गेलेले जीव दोन होते. जगात इतरत्र झालेल्या हल्ल्यांत मोठा वाटा पिसाळलेल्या जनावरांचा होता. १९७५ मध्ये ‘जॉज’ आला तेव्हा लोकांनी शार्कबद्दल पडद्यावरचं सगळं खरं मानलं, आणि मूळ कादंबरीचा लेखक पीटर बेंचली यांनी पुढचं बरंच आयुष्य शार्कच्या संरक्षणासाठी बोलण्यात घालवलं. प्राण्याचं खोटं वागणं आपण विनातक्रार गिळतो आणि माणसाच्या खऱ्या वागण्याला नावं ठेवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वाईट वाटण्याचं आणखी मोठं कारण आहे. सभागृहात लागलेली ही सवय तिथे थांबत नाही. खरोखर कुणी जंगलात हरवल्याची बातमी आली की तेच वाक्य जसंच्या तसं उचललं जातं: कशाला गेले, अक्कल नको, मी असतो तर. कुणी ‘विनाशकाले विपरीत बुद्धी’ म्हणून मोकळं होतं. घरची माणसं ते वाचतात. सुटून आलेला माणूस ते वाचतो. आणि अजून न हरवलेला, पण पुढच्या महिन्यात वाट चुकणार असलेला कुणीतरीही वाचतो. अंधार पडायला लागला असताना, मदतीला फोन करावा की नाही या विचारात तो अर्धा तास घालवतो, कारण आपल्याला काय म्हटलं जाईल हे त्याला ठाऊक असतं. अमेरिकेतल्या माउंटन रेस्क्यू असोसिएशनने सुटकेसाठी पैसे आकारण्याला विरोध केला आहे तो याच धास्तीने, की खर्चाच्या भीतीने लोक उशिरा हाक मारतील. उपहासाची भीती खर्चापेक्षा कमी असते असं मला वाटत नाही.

मघाशी ज्या ११ वर्षांच्या मुलाचा उल्लेख केला, त्याने शाळेत घेतलेला धडा १९८१ मध्ये कॅलिफोर्नियात एक लहान मुलगा डोंगरात हरवून दगावल्यानंतर सुरू झाला. त्यात मुलांना सांगतात: चुकलास की एका झाडाला धरून राहा, तिथून हलू नकोस. आणि त्यासोबत आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतात: आईबाबा रागावणार नाहीत. हे सांगावं लागतं, कारण हरवलेली लहान मुलं कधी कधी शोधणाऱ्यांच्या हाका ऐकूनही लपून बसतात. अनोळखी आवाजाची भीती असते आणि बोलणी बसतील याचीही असते. शोधपथक दहा पावलांवरून हाका मारत पुढे निघून जातं. कुठल्याही भयपटात दाखवलं तर तुम्ही म्हणाल, हे काही पटत नाही.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. पुढच्या वेळी असा चित्रपट पाहून बोलायला बसाल तेव्हा पात्र मूर्ख की शहाणं हा निवाडा थोडा बाजूला ठेवा. त्याचा तोल नेमका कुठल्या क्षणी सुटला ते शोधा. त्या वेळी तो किती वेळ जागा होता, अंगावरचे कपडे ओले होते का, शेवटचं कधी खाल्लं होतं, गटात कोण कुणाला घाबरत होतं? चांगल्या दिग्दर्शकाने हे सगळं दाखवलेलं असतं, पण आपण ते बघताना राक्षसाची वाट बघत असतो. ज्याने दाखवलं नसेल त्याला या मुद्द्यावर खुशाल धारेवर धरा. तशी टीका वाचायला मला फार आवडेल आणि पुढचा चित्रपट करणाऱ्याला ती उपयोगी पडेल. समीक्षा लिहिणाऱ्यांनाही हीच विनंती. ‘पात्रांचे अनाकलनीय निर्णय’ हे दोन ओळींत उरकण्याआधी त्यातला एक तरी निर्णय घेऊन तो अनाकलनीय का वाटला ते लिहा.

आणि तुमच्यापैकी जे कधी खरोखर वाट चुकले आहेत, तासभर का होईना, त्यांनी बोलायला हवं. तुम्ही बहुधा अशा गप्पांत मागच्या खुर्चीत गप्प बसलेले असता. त्या तासात काय काय मनात आलं, कुठली वाट ‘हीच ती’ वाटली, कधी धावत सुटलात, कुणावर ओरडलात, हाक मारायला लाज वाटली का, ते सांगा. चित्रपट खरा होता की खोटा, हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

तुमच्याच रांगेत बसणारी,
एक प्रेक्षक